एकट्याने स्कूटर बदलून बेळगावच्या हवेत काही फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय की नोकरीसाठी नुकतेच बेळगावात आलोय, हिंडलग्याहून उद्यमबागच्या कारखान्यात रोज जाऊन-येऊन वीस किलोमीटर पेट्रोलची स्कूटर चालवतो, ती विकून इलेक्ट्रिक घ्यावी का? आणि रस्त्यावर ट्रक नि उसाच्या ट्रॉल्या धूर सोडत असताना एकट्या माणसाने काही करून उपयोग तरी आहे का?

उपयोग आहे. पण स्कूटरच्या आधी एका गोष्टीबद्दल लिहितो, कारण ती मला भाजी वाहतुकीच्या धंद्यात चौदा वर्षं काढल्यावर कळली आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे.

मी बेळगावातून गोव्याला भाजी नेतो. कोबी, फ्लॉवर, ढबू मिरची, कोथिंबीर, हंगामात रताळी. गोव्याचं स्वयंपाकघर बऱ्याच प्रमाणात आपल्या भाजीवर नि दुधावर चालतं, त्यामुळे रात्री जांबोटी-कणकुंबी-चोर्ला रस्त्यावर आमच्यासारख्या पिकअपची रांग असते. माझ्या गाडीत डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही आहे, दोनशे पानी, कोपरे दुमडून काळे झालेले. तिच्यात रोजचं मीटर, किती लिटर टाकलं नि काय माल होता, एवढंच लिहितो. सुरुवात हिशेबासाठी केली होती, पर्यावरणासाठी नव्हे.

त्या वहीत एक गोष्ट दिसली ती मला आधी पटेना. जाताना गाडी भरलेली, येताना रिकामी, तरी दोन्हीकडचं डिझेल जवळपास सारखंच. म्हापशापर्यंत साधारण नऊ लिटर, परत यायला नऊ. नीट विचार केल्यावर कारण कळलं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचावर. म्हणजे भरलेली गाडी घाट उतरते आणि रिकामी गाडी घाट चढते. आपल्याला वाटतं रिकाम्या गाडीला काय लागतंय, पण ती स्वतःचंच दीड-दोन टन लोखंड वर ओढत असते.

आता त्या नऊ लिटरचा हिशेब. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, पेट्रोलचा सुमारे २.३ किलो. लिटरभर डिझेलचं वजन किलोपेक्षाही कमी, मग त्यातून पावणेतीन किलो वायू कसा, असं माझ्या पोरीने विचारलं होतं. इंधनातला कार्बन हवेतला ऑक्सिजन उचलतो, वजन त्याचं. म्हणजे माझी एक रिकामी परत फेरी चोवीस किलो वायू सोडत होती, आणि त्या बदल्यात कुणाच्या घरी एक मिरचीसुद्धा पोचत नव्हती. आठवड्याला पाच फेऱ्या धरा.

तेव्हापासून मी परतीचं भाडं शोधायला लागलो. लिहायला सोपं, करायला अवघड. गोव्यातून बेळगावला सगळ्यात जास्त येते ती मासळी, आणि मासळीचं पाणी एकदा हौद्यात उतरलं की दुसऱ्या दिवशी त्यात कोथिंबीर घालता येत नाही. धुऊन धुऊन पाहिलं, वास जात नाही, अडतवाला जुडी नाकाला लावूनच बाजूला ठेवतो. शेवटी नारळ, सुपारी, हंगामात काजूच्या बिया आणि म्हापशातल्या दोन दुकानदारांचा सटरफटर माल, असं जुळवलं. परत येताना भरलेली गाडी घाट चढते तेव्हा दोन-अडीच लिटर जास्त जातं, हे खरं. पण तोच माल दुसऱ्या गाडीने आणला असता तर तिला जाऊन-येऊन अठरा लिटर लागलं असतं. दुसरं असं केलं की आमच्या गावचे तीन शेतकरी पूर्वी अर्धी-अर्धी गाडी भरून तीन गाड्या पाठवायचे, ते आता एकाच गाडीत घालतात. क्रेटला रंगाच्या पट्ट्या बांधल्यात, कुणाचा कोबी कुणाचा हे कळायला. भांडणं दोनदा झाली, आता होत नाहीत.

सांगायचं ते हे. गाडी कुठली आहे याच्याआधी ती किती भरलेली आहे हे बघा. माणसांच्या प्रवासालाही हाच नियम लागतो.

तुमचाच हिशेब घ्या. वर्षाला तीनशे दिवस, वीस किलोमीटर, म्हणजे सहा हजार किलोमीटर. पेट्रोल स्कूटर ४५ चं एव्हरेज देत असेल तर १३३ लिटर पेट्रोल, साधारण ३०५ किलो कार्बन डायऑक्साइड. तेच अंतर एकटे कारने गेलात आणि कार १५ देत असेल तर ९२० किलो. इलेक्ट्रिक स्कूटरला शंभर किलोमीटरला चार्जरमधली गळती धरून साडेतीन युनिट समजा. देशातल्या विजेची सरासरी युनिटमागे सुमारे ०.७ किलो आहे, कारण अजून बरीचशी वीज कोळशावर होते. म्हणजे वर्षाचे १५० किलो. "इलेक्ट्रिक काय, शेवटी कोळसाच जळतो" म्हणणाऱ्यांना हा आकडा दाखवा. कोळशाची वीज धरूनसुद्धा पेट्रोलच्या निम्मं होतं, आणि शहरात धूर होत नाही तो फायदा वेगळाच.

पण त्याच पेट्रोल स्कूटरवर मागे एक सहकारी बसला, ज्याने नाहीतर स्वतःची स्कूटर काढली असती, तर माणशी १५० किलोच होतात. थोडं एव्हरेज पडतं, तेवढा फरक धरा. म्हणजे लाखभर रुपये खर्चून नवी गाडी घेतल्याने जे होतं, जवळपास तेच मागची सीट भरल्याने होतं. इलेक्ट्रिक घेऊ नका असं मी म्हणत नाही. तुमची स्कूटर थकली असेल तर पुढची इलेक्ट्रिकच घ्या, आणि तिच्यावरही मागे कुणाला तरी बसवा. पण चांगली चालणारी गाडी घाईने विकू नका. नवी गाडी नि तिची बॅटरी बनवतानाही बरंच प्रदूषण झालेलं असतं, आणि तुमची जुनी कुणीतरी विकत घेऊन चालवणारच.

बसचा हिशेब याहून चांगला आहे. साधी डिझेल बस लिटरला पाच किलोमीटर गेली आणि आत पन्नास माणसं असली तर माणशी किलोमीटरला अकरा ग्रॅम. तुमच्या वर्षाच्या सहा हजार किलोमीटरला ६५ किलो. मात्र तीच बस दहा माणसं घेऊन पळाली तर माणशी आकडा तुमच्या स्कूटरइतकाच येतो. इथेही परत तेच, भरलेली की रिकामी.

११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास आहे. तेव्हापासून गर्दी वाढली म्हणून पुष्कळ लोक कुरकुरतात. मला त्या गर्दीचं वाईट वाटत नाही. आमच्या शेजारच्या काकू भाजीची बुट्टी घेऊन पूर्वी टेम्पोने यायच्या, आता बसने येतात, आणि ती सीट रिकामी धावत नाही. वाईट याचं वाटतं की गर्दी वाढली त्या मानाने गाड्या वाढल्या नाहीत. सकाळच्या शिफ्टच्या वेळेला सीबीटीवर, म्हणजे शहर बसस्थानकावर, दाराला माणसं लटकलेल्या तीन बस निघून जातात, मग माणूस कंटाळून कर्ज काढून दुचाकी घेतो आणि एकदा घेतली की परत बसकडे वळत नाही.

सीमाभागात आणखी एक अडचण आहे, तुम्ही नवे आहात म्हणून सांगतो. इथल्या लोकांचं रोजचं जाणं-येणं दोन राज्यांत चालतं. तुमच्या हिंडलग्यावरूनच वेंगुर्ला रस्ता सुळगा, उचगाव, तुरमुरी, बाची करत चंदगड तालुक्यातल्या शिनोळीला जातो, आणि कितीतरी माणसं त्या रस्त्याने हद्द ओलांडून कामाला जातात. सीमावाद तापला की पहिला फटका बसगाड्यांना बसतो. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रातून येणारी एसटी थांबली होती. अशा वेळी माणूस काम सोडत नाही, तो मोटारसायकल काढतो. भाषेबद्दल माझंही मत ठाम आहे, पण बस अडवून कुणाचं काही भलं झालेलं मी पाहिलं नाही.

धुराबद्दल. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच स्पष्ट केलंय. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६, म्हणजे धुराचे कडक नियम पाळणाऱ्या गाड्याच विकल्या जातात, डिझेलमधलं गंधकही दहा लाखांत दहा भागांवर आलं, आणि नव्या गाडीचा काळा धूर खरंच गेला. माझी जुनी गाडी नि नवी गाडी यांच्या सायलेन्सरमध्ये बोट फिरवून बघितलं तर फरक कळतो. पण कार्बन डायऑक्साइड दिसतही नाही नि फिल्टरमध्ये अडकतही नाही. जेवढं डिझेल जळेल तेवढा तो निघणारच.

उसाच्या ट्रॉल्यांवरचा तुमचा राग रास्त आहे. कर्नाटकात सगळ्यात जास्त ऊस आपल्या जिल्ह्यात. हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चढाला अक्षरशः रडतो नि मागे शंभर गाड्या पहिल्या गिअरमध्ये तुंबतात. मात्र तो ट्रॅक्टर निदान काठोकाठ भरून चाललेला असतो. त्याच उसातून होणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळतात. त्याने बाहेरून आणावं लागणारं तेल वाचतं, पण लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, आणि उसाला पाणी किती लागतं हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. मला तरी तो मोठा उपाय वाटत नाही.

रेल्वेने माल नेला तर ट्रकपेक्षा कितीतरी कमी इंधन लागतं, लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार अडत नाही म्हणून. पण गोव्याला उतरणाऱ्या घाटात कॅसलरॉक ते कुळे दुसरा रूळ टाकायचा प्रस्ताव होता त्याची वन्यजीव परवानगी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली, कारण तो रूळ गोव्याच्या अभयारण्यातून जाणार होता. तसंच बेळगावच्या हलगा-मच्छे बायपास रस्त्याला शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला तो पिकाऊ जमिनीसाठी. वाहतुकीचं नुकसान नुसतं सायलेन्सरमधून होत नाही, ती जागाही खाते.

हे मला कणकुंबीच्या पुढच्या एका वळणावर समजलं. जूनचा पहिला मोठा पाऊस होऊन गेला होता, रात्रीचे दोन वाजले असतील. हेडलाइटमध्ये रस्ता हलताना दिसला. मला वाटलं पाण्यावर पानं वाहतायत. बेडूक होते. शेकड्याने, एका बाजूच्या रानातून दुसऱ्या बाजूच्या ओहोळाकडे निघालेले. माझ्या पुढे दोन गाड्या होत्या, त्यांच्या चाकांखालचा आवाज काच बंद असूनही ऐकू आला. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. क्लीनर म्हणाला, "मालक, माल उशिरा पोचला तर शिव्या बसतील." बसल्या. पंचवीस मिनिटांनी रस्ता बराच मोकळा झाला तेव्हा निघालो. तो सगळा टापू भीमगड अभयारण्याच्या शेजारचा. त्या बेडकांचं नुकसान कुठल्याच एव्हरेजच्या वहीत लिहिता येत नाही. आता जून-जुलैत आम्ही संध्याकाळी लवकर माल भरतो, अंधार दाटायच्या आत कणकुंबी ओलांडतो. नाहीच जमलं तर त्या टप्प्यात तीसच्या वर जात नाही.

तुमच्यासाठी आता थोडक्यात, जे उद्यापासून जमेल ते. दर पंधरा दिवसांनी टायरची हवा तपासा. हवा कमी असली की पेट्रोल नाहक जातं आणि टायरही झिजतो. टिळकवाडीत रेल्वे गेट पडलं की इंजिन बंद करा, आजूबाजूचे बघत बसले तरी. मी करतो तेव्हा शेजारचे एक-दोघे हमखास चावी फिरवतात. बाजारात खडेबाजार, गणपत गल्लीत गाडी घालूच नका, बाहेर लावून चालत जा. तिथे गाडीवर बसलेल्यापेक्षा चालणाराच आधी पोचतो.

आणि कारखान्यात सोमवारी जेवणाच्या सुट्टीत एवढंच विचारा, वेंगुर्ला रस्त्यावरून कोण कोण येतं? सुळग्याचा, उचगावचा, हिंडलग्याचा कुणीतरी असणारच, तुमच्याच शिफ्टचा, तुमच्याच वेळेला एकटा येणारा. एक आठवडा तुमची स्कूटर, एक आठवडा त्याची. दुसरं हेल्मेट मात्र आधी घेऊन ठेवा.