आजोबांच्या काळातले फोटो आणि निगेटिव्ह घरीच स्कॅन करू की दुकानात देऊ?

आधी निगेटिव्ह किती आहेत ते बघा, पाच-दहा पट्ट्या असतील तर सरळ स्टुडिओत द्या, त्यासाठी मशीन घेणं म्हणजे उगाच खर्च. ढीगभर असतील तर फ्लॅटबेड स्कॅनर (काचेवर ठेवून स्कॅन करायचा) घ्या पण झाकणात लाइट असलेलाच, साध्या ऑफिसवाल्या स्कॅनरवर निगेटिव्ह नीट येत नाही. प्रिंटला ६०० डीपीआय (म्हणजे एका इंचात किती ठिपके) बास, ३५ एमएम निगेटिव्हला ३२०० ठेवा, साधारण १३ मेगापिक्सेल मिळतात. आणि हो, निगेटिव्ह ब्लॅक अँड व्हाइट असेल तर स्कॅनरचं इन्फ्रारेडवालं डस्ट रिमूव्हल (धुळीचे डाग आपोआप काढायची सोय) बंद करा, फिल्ममधल्या चांदीमुळे ते गंडतं, त्यापेक्षा ब्लोअरने धूळ उडवा. अल्बमला चिकटलेले फोटो ओढू नका, पानासकट स्कॅन करा. निगेटिव्ह मात्र फेकू नका हं!