बडोद्यात घरातल्या हायड्रोपोनिक्ससाठी (मातीविना, खतपाण्यात वाढवण्यासाठी) लेट्यूसची कोणती जात घ्यावी?

दांडिया बाजारातला फ्लॅट, एकच एलईडी आणि एसी फक्त रात्री, असं तुम्ही लिहिलंय. मग सुट्या पानांची जात घ्या: ब्लॅक सीडेड सिम्पसन किंवा हिरवी ओकलीफ. बाहेरची पानं खुडत राहा, मधून नवी येत राहतात. गड्डा धरणारी आइसबर्ग मुळीच नको. तिला थंडावा, जागा, वेळ सगळंच जास्त लागतं.

खरी अडचण आपल्याकडच्या एप्रिल-मेची. त्यासाठी जेरिको ही रोमेन (लांब, ताठ पानांची) जात शोधा, ती इस्रायलमध्ये उष्ण हवेसाठीच तयार झाली. तरीही खोली सतत तीस अंशांच्या आसपास राहिली की मधला दांडा उंच धावतो, पानं कडू होतात. दांडा लांबताना दिसला की लगेच काढून खाऊन टाका.

बटरहेड (मऊ पानांचा सैल गड्डा) आवडत असेल तर रेक्स चांगली. आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या तर खत वाढवू नका. तिथवर कॅल्शियम पोचत नसतं. हवा खेळती राहिली की ते पोचतं, म्हणून छोटा पंखा लावा. लोलो रोसो ही लालसर, कुरळ्या पानांची जात सुरेख दिसते, पण मंद दिव्याखाली लाली धरत नाही.

आणि बी उन्हाळ्यात उगवत नाही म्हणून फेकू नका. ओल्या टिश्यूत गुंडाळून एक-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, मग पेरा.