गाड्या अडवणाऱ्या पोलिसाला नेमका धोका कशाचा असतो?

तुमचा प्रश्न असा आहे की अमेरिकेत पोलिसाने थांबवलं तर गाडीतून उतरायचं नाही म्हणतात आणि आपल्याकडे उतरलं नाही तर हवालदार चिडतो, हे असं का? आणि गाड्या अडवणाऱ्या पोलिसाला धोका असतो तरी कशाचा? नोकरीतली बरीचशी वर्षं वाहतूक शाखेत आणि नंतर महामार्ग पोलिसांत काढून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. धोका चाकांचा असतो. चाकू-पिस्तुलाचा नंबर आपल्याकडे बराच खाली लागतो.

लोकांना वाटतं, जी गाडी अडवली तीच अंगावर येईल. तसंही होतं. पण हायवेवर जास्त धास्ती तिच्या मागून येणाऱ्या गाडीची. हिशेब करून बघा. ताशी ८० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. आपला हात ड्रायव्हरला दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड-दोन सेकंद गेले, की तीस-चाळीस मीटर तिथेच संपले. मग कोरड्या रस्त्यावर गाडी उभी राहायला साधारण आणखी तेवढेच. म्हणजे सत्तर-ऐंशी मीटर, तेही ड्रायव्हर जागा आणि शुद्धीत असेल तर. भरलेला ट्रक आणि ओला रस्ता असेल तर हे अंतर कुठल्या कुठे जातं. आणि आमचा नवा पोरगा काय करतो? वीस-पंचवीस मीटरवर गाडी दिसली की शिट्टी मारत लेनमध्ये आडवा येतो. ड्रायव्हर दचकून ब्रेक मारतो, मागचा त्याच्यावर आदळतो. किंवा ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवतो, आणि बहुतेकदा पोरगा ज्या बाजूला उडी मारतो त्याच बाजूला.

म्हणून पहिली सवय जागेची. वळणावर, पुलाच्या चढाला, उतारावर गाडी अडवायची नाही. खंडाळ्याहून खोपोलीकडे घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडणारे ट्रकवाले आजही भेटतात, आणि त्यांचे ब्रेक तापून केव्हा जातील ते त्यांनाही सांगता येत नाही. अशा ट्रकला हात करणं म्हणजे स्वतःचीच पावती फाडणं. टोलनाका ओलांडून पुढे, खालापूर असो की उर्से, गाड्यांचा वेग आधीच मेलेला असतो. तिथे उभं राहून जे काम होतं ते मोकळ्या रस्त्यावर जीव टांगून करण्यात काही मर्दुमकी नाही. नाकाबंदीतही बॅरिकेड्स एका रेषेत लावून भिंत करायची नसते. पहिलं बॅरिकेड लांब, मग आलटून पालटून दोन्ही बाजूंनी, म्हणजे गाडीला नागमोडी यावंच लागतं आणि वेग आपोआप उतरतो. त्या पहिल्या बॅरिकेडजवळ माणूस उभा करायचा नाही, दिवा उभा करायचा. पिऊन आलेला ड्रायव्हर पहिल्यालाच धडकतो.

दोन उभ्या गाड्यांच्या मध्ये तर कधीच थांबायचं नाही. अडवलेला टेम्पो पुढे, आपली बोलेरो मागे, आणि हवालदार मधे वाकून नंबर प्लेट बघतोय, हे दृश्य तुम्ही शंभरदा पाहिलं असेल. मागून कोणी बोलेरोला ठोकलं तर दोन्ही पाय गुडघ्यातून जातात.

आता खिडकीपाशी काय होतं ते सांगतो, कारण खरी कसोटी तिथेच. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला घेतली की उजवीकडची ड्रायव्हरची खिडकी वाहत्या रस्त्याकडे येते. तिथे उभं राहून लायसन्स बघायचं म्हणजे पाठ ट्रॅफिकला. त्यामुळे जुना माणूस डावीकडून जातो, मागच्या सीटवर नजर टाकतो, पुढच्या दरवाजाच्या किंचित मागे थांबतो आणि काच खाली करायला सांगतो. जाता जाता पुढचं चाक बघायचं. चाक आपल्या बाजूला वळलेलं असेल तर बोलायच्या आधी दोन पावलं मागे. इंजिन चालू असेल तर बंद करायला सांगायचं, स्वतः हात घालून किल्ली काढायची नाही. हवालदाराने किल्ली हिसकावून घ्यावी असं मोटार वाहन कायद्यात कुठे लिहिलेलं नाहीच, पण कायदा बाजूला ठेवा. खिडकीत कोपरापर्यंत हात गेलेला असताना आतल्याने काच वर केली आणि पाय दाबला, तर तुम्ही गाडीला टांगलेले. पूर्वी पहिला गिअर टाकून क्लच सोडेपर्यंत तेवढा एक क्षण मिळायचा, गाडीला हिसका बसायचा, कळायचं. आता ऑटोमॅटिक गाड्या. आवाज नाही, हिसका नाही, गाडी थेट निघते.

आणि बॉनेट. एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईत एका वाहतूक पोलिसाला कारच्या बॉनेटवर घेऊन ड्रायव्हर वाशीपासून गव्हाण फाट्यापर्यंत, जवळपास २० किलोमीटर गेला. ड्रायव्हर नशेत असल्याचं निष्पन्न झालं. हवालदार वाचला हे त्याचं नशीब. अशा बातम्या वसई, अंधेरी, पिंपरी-चिंचवड, सगळीकडून येत असतात आणि खाली लोक लिहितात, ‘बॉनेटवर चढलाच कशाला?’ तो चढत नाही हो. तो समोर उभा असतो, गाडी अंगावर येते आणि चाकाखाली जाण्याऐवजी तो वर पडतो. चुकतं ते त्याच्या आधी, समोर उभं राहण्यात. गाडी पळाली तर पळू द्यावी. नंबर टिपावा, कंट्रोल रूमला कळवावं, पुढच्या पॉइंटवर ती सापडते. नाही सापडली तर ई-चलन घरी जातं. आदेश मोडल्याचे मोटार वाहन कायद्याच्या कलम १७९ खाली दोन हजारांपर्यंत होतात. दोन हजारांसाठी कोणी बंपरसमोर छाती काढून उभं राहू नये, असं मी पोरांना सांगायचो. दुचाकीवाल्याचं हँडल किंवा मागचं कॅरिअर धरणाऱ्यांनाही हेच. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेल्मेट नसलेल्यांचा पाठलाग करू नका, रस्त्याच्या मध्ये येऊन अडवू नका, कॅमेरे वापरा असं सांगितलं होतं. ते दुचाकीस्वारांच्या जिवासाठी होतं, पण पाळलं तर हवालदाराचाही जीव वाचतो.

एक अपवाद मानतो. वाळूचे हायवा, म्हणजे मोठे टिपर ट्रक, आणि खडीचे डंपर. तिथे ड्रायव्हर घाबरून पळत नाही, त्याला सांगूनच पाठवलेलं असतं की थांबायचं नाही. जुलै २०२२ मध्ये हरियाणात नूहजवळ बेकायदा खाणीचा डंपर अडवायला गेलेल्या डीएसपी सुरेंद्र सिंह बिश्नोई यांना त्या डंपरनेच चिरडलं. अशा ठिकाणी दोन शिपाई आणि एक काठी घेऊन जाणं हा धाडसाचा भाग नाही, नियोजनाचा अभाव आहे. पुरेशी माणसं, आडवं लावायला जड वाहन आणि पुढे-मागे दोन्हीकडे नाका, हे जमत नसेल तर त्या रात्री जाऊ नये.

पावसाळ्याची एक गंमत सांगतो. शासन चमकणारं जॅकेट देतं, आमचे लोक ते घालतातही, आणि पाऊस आला की त्यावर काळा किंवा गडद निळा रेनकोट चढवतात. झालं, माणूस अंधारात गुडूप. रेनकोट आत, जॅकेट वर, एवढंच करायचं असतं. जॅकेट भिजतं, भिजू दे.

माणसांपासूनचा धोका नाहीच असं नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खारला एका पेट्रोल पंपावर वाहतूक हवालदार विलास शिंदे यांनी विनाहेल्मेट अल्पवयीन मुलाला हटकलं. मुलाने फोन करून मोठ्या भावाला बोलावलं आणि भावाने शिंदेंच्या डोक्यात दांडकं घातलं. आठवडाभराने लीलावती रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. पोलिसांच्या ट्रेनिंगमध्ये असं शिकवत नाहीत, पण पॉइंटवर काम केलेल्या प्रत्येकाला कळतं की समोरच्याने फोन लावला की घड्याळ सुरू झालं. येणारा कोण असेल सांगता येत नाही. त्याआधी चलन करून मोकळं व्हायचं, नाही तर जोडीदाराला जवळ बोलवायचं आणि कंट्रोलला कळवायचं. ‘जरा साहेबांशी बोला’ म्हणत फोन पुढे करतात, तो कानाला लावायचा नाही. एक हात अडकतो, लक्ष अडकतं, आणि पलीकडचा साहेब नव्वद टक्के वेळा साहेब नसतोच.

आणि तोंड. ‘ए, घे रे बाजूला’ आणि ‘दादा, गाडी जरा कडेला घ्या’ यात वेळ सारखाच लागतो. सोबत बायको-पोरं असलेल्या माणसाचा त्यांच्यासमोर पाणउतारा केला की तो लायसन्स असूनही भांडतो. मग गर्दी जमते, चार मोबाईल वर होतात, आणि प्रकरण सरकारी कामात अडथळ्यावर जातं. लोक त्याला अजून जुन्या दंड संहितेतल्या कलमावरून तीनशे त्रेपन्न म्हणतात. १ जुलै २०२४ पासून हल्ल्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागतं. गुन्हा दाखल होईल, पण डोक्याला पडलेले टाके कलमाने निघत नाहीत.

आता अमेरिका. माझा भाचा तिकडे असतो. त्याला पहिल्यांदा थांबवलं तेव्हा तो आपल्या सवयीने आदराने उतरून पोलिसाकडे चालत निघाला आणि मागून लाउडस्पीकरवर ओरडा आला. आपल्याकडे गाडीत बसून राहणं हा माज समजतात, तिकडे न सांगता उतरणं ही धमकी, कारण कुणाच्या कमरेला पिस्तूल असेल ते माहीत नसतं. हात स्टिअरिंगवर, सांगितल्याशिवाय डॅशबोर्डचा कप्पा उघडायचा नाही. ड्रायव्हरला उतरवायचा अधिकार मात्र त्यांच्या पोलिसालाही आहे. १९७७ च्या पेनसिल्व्हेनिया विरुद्ध मिम्स खटल्यात त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला, आणि कारणांत शस्त्राबरोबर बाजूने जाणाऱ्या गाड्यांचा धोकाही धरला. तिकडेही चाकं आहेतच. उभ्या पोलीस गाडीजवळून जाताना लेन बदला किंवा वेग कमी करा, असा कायदा तिथल्या पन्नासही राज्यांत आहे. आणि शस्त्राच्या भीतीबद्दल सांगायचं तर, जॉर्डन वुड्स या कायद्याच्या प्राध्यापकांनी फ्लोरिडातल्या दोनशेवर पोलीस यंत्रणांच्या दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या. नेहमीच्या वाहतूक तपासणीत पोलिसाचा खून होण्याचं प्रमाण ६५ लाखांत एक निघालं. इतक्या कमी धोक्याची धास्ती मनात धरून पोलीस प्रत्येक खिडकीशी जाणार असेल तर तो आधी घाबरतो आणि मग ड्रायव्हर घाबरतो, असं माझं मत.

आपल्याकडे उतरवून कडेला बोलावतात ते, निदान शहाणा हवालदार असेल तर, दोघांनाही ट्रॅफिकपासून लांब नेण्यासाठी. तुम्हाला रात्री थांबवलं तर इंडिकेटर देऊन पूर्ण डावीकडे या, इंजिन बंद करा, आतला दिवा लावा आणि डावीकडच्या दरवाजाने उतरता आलं तर तिकडूनच उतरा. कागदपत्रं डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली चालतात, केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ मध्ये तशी तरतूद आहे. कोणी नाहीच म्हणालं तर नियमाचा नंबर शांतपणे सांगा, खिडकीतून ओरडून नको.