लीडचे पैसे भरत राहायचे का, आणि वर्षाचं पॅकेज घ्यायचं का?

बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो. तुम्ही प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंगची कामं घेता, एका अ‍ॅपला प्रत्येक लीडमागे (म्हणजे काम करून हवं असलेल्या माणसाचं नाव-नंबर मिळाल्यामागे) पैसे देता, महिन्याला साधारण ४० लीड्स येतात आणि त्यातून कामं मिळतात ४. बाकीच्यांत कोणी फोनच उचलत नाही, कोणी म्हणतं "नुसता रेट बघत होतो", कोणाचा नंबरच चुकीचा. आता अ‍ॅपवाले म्हणतायत की वर्षाचे पैसे एकदम भरा, २० टक्के सवलत देतो, फक्त त्या पॅकेजात खराब लीड परत करता येणार नाही. भरावे, की वैतागून सगळंच बंद करावं?

बंद करू नका, पण पॅकेजही घेऊ नका.

तुमचा सगळा राग फुकट गेलेल्या लीडवर आहे आणि तो मला कळतो, पण हिशोब एका लीडचा करायचाच नाही, तो मिळालेल्या कामाचा करायचा. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून एक लीड तुमच्या सरासरी बिलाच्या अडीच टक्क्यांना पडते. ४० लीड्स म्हणजे १०० टक्के, म्हणजे दर महिन्याला एका अख्ख्या कामाचं बिल अ‍ॅपला जातंय. ४ कामांवर वाटलं तर प्रत्येक बिलातले २५ टक्के. मटेरियल, लेबर, ये-जा वजा जाता ३५ टक्के उरतात असं तुम्हीच लिहिलंय, त्यातले २५ गेले की राहिले १०, आणि त्या १० मध्ये तुमची स्वतःची मजुरी, हत्यारांची झीज, फोनबिल, शिवाय ज्या घरी जाऊन माप घेतलं, कोटेशन दिलं आणि पुढे काहीच झालं नाही ते सगळे तास. एखाद्या महिन्यात ४ ऐवजी ३च कामं झाली तर अ‍ॅपचा वाटा ३३ टक्क्यांवर जातो, मग तुम्ही जवळपास अ‍ॅपसाठीच राबताय.

एक आकडा लिहून ठेवा. ३५ भागिले अडीच, १४. चौदा लीड्सना एक काम मिळालं तर ना नफा ना तोटा. मी तर म्हणेन सातच्या वर जाऊच नये, म्हणजे निदान अर्धं मार्जिन घरी येतं. तुम्ही आत्ता दहावर आहात. बुडालेले नाही आहात, पण बरंही चाललेलं नाही.

आता तुम्ही पाठवलेली गेल्या महिन्याची यादी. मी ती ओळ न् ओळ वाचली, आणि "फुकट गेलेल्या" ३६ लीड्स सगळ्या एका जातीच्या नाहीत. एक माणूस दोनदा आलाय, आदल्या दिवशी "गळती" म्हणून, दुसऱ्या दिवशी "बाथरूम दुरुस्ती" म्हणून, नंबर तोच आणि पैसे दोन्ही वेळा कापलेत. एक लीड गीझरच्या वायरिंगची आहे, जे काम तुम्ही करतच नाही. चुकीचे नंबर, तुमच्या एरियाबाहेरची घरं, असं सगळं धरून १२ होतात. ह्या मेलेल्या लीड्स, ह्यांचा एक पैसाही तुम्ही देणं लागत नाही. उरलेल्या २४ मात्र खरी माणसं होती, त्यांनी दुसऱ्याला काम दिलं किंवा विचार बदलला. त्यांचे पैसे गेल्याचं दुःख होणारच, पण तो धंद्याचा खर्च आहे. दुकानात येऊन नुसतं बघून जाणाऱ्या गिऱ्हाइकासाठीही भाडं भरावंच लागतं ना.

म्हणून पॅकेजला माझा विरोध. वर्षाची ४८ कामं धरली तर मार्जिन होतं १६.८ कामांच्या बिलाइतकं. आत्तासारखं चालू ठेवलं तर अ‍ॅपला १२ कामांचं बिल जातं, उरतात ४.८. पॅकेज घेतलं तर जातात ९.६, उरतात ७.२, आणि सेल्सवाला तुम्हाला हेच दाखवतोय, त्याचं गणित चूक नाहीये. पण महिन्याच्या महिन्याला पैसे भरून त्या १२ मेलेल्या लीड्सचं क्रेडिट, म्हणजे खराब लीड परत करून मिळणारे पैसे, दरवेळी मागून घेतलंत तर खर्च ८.४ वर येतो आणि उरतात ८.४. म्हणजे २० टक्क्यांच्या मोहात तुम्ही ३० टक्क्यांचा हक्क सोडून देताय. सगळी क्रेडिट्स मिळणार नाहीत, मान्य आहे, पण १२ पैकी ८ जरी मंजूर झाली तरी पॅकेजशी बरोबरी होते, तीही एकरकमी पैसे न अडकवता.

आणि अडकवणं हा तर वेगळाच विषय आहे. ९.६ कामांचं बिल आज एकदम द्यायचं म्हणजे पुढच्या जवळपास सात महिन्यांचं सगळं मार्जिन आजच देऊन टाकायचं. ते तुम्ही क्रेडिट कार्डावर टाकणार म्हणताय. कार्डाचं व्याज चालू झालं की सवलत कुठल्या कुठे जाईल, आणि मटेरियल उचलायला हातात रोकड नसेल तर आलेलं मोठं कामही सोडावं लागेल. शिवाय महिन्याचे पैसे भरणारा माणूस पटलं नाही तर पुढच्या महिन्यात थांबू शकतो, वर्षाचे भरलेल्याला कस्टमर केअरवाले कशाला विचारतील.

"आमची लीड म्हणजे पक्कं गिऱ्हाईक" असं कोणी म्हटलं तर अमेरिकेतल्या, अशाच लीड्स विकणाऱ्या होमॲडव्हायझर कंपनीची केस आठवा. मार्च २०२२ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (फसव्या धंद्यांवर कारवाई करणारी सरकारी संस्था) त्या कंपनीवर आरोप ठेवला की लीड्स किती चांगल्या आहेत आणि त्यातून किती कामं मिळतात ह्याबद्दल कॉन्ट्रॅक्टर लोकांची दिशाभूल केली जाते. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने ७२ लाख डॉलरपर्यंत रक्कम द्यायचं कबूल करून प्रकरण मिटवलं. तेव्हा तोंडी आश्वासनावर जाऊ नका. क्रेडिट कुठल्या कारणाला मिळतं, किती दिवसांत मागायचं, पैसे खात्यात परत येतात की अ‍ॅपच्या वॉलेटमध्येच फिरत राहतात, आणि एक लीड किती जणांना विकली जाते, हे लेखी मागा. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. तीच लीड चौघांना विकत असतील तर दहात एक काम मिळणं ही तुमच्या कामाची खोट नाही.

आता तुमच्या बाजूचं. फोन अर्ध्या तासाने करून चालत नाही, शेअर्ड लीडमध्ये जो पहिला बोलतो त्याला तिथेच फायदा मिळतो, तेव्हा साइटवर असाल तर घरातलं कोणीतरी किंवा मदतनीस लगेच फोन करेल अशी सोय करा. नळ बदलण्यासारखी बारीक कामं प्रोफाइलमधून काढून टाका, लीडचे पैसे थोडेच कमी आणि बिल मात्र एवढंसं. ऑटो रिचार्ज आजच बंद करा. खराब लीडचा कॉल लागला नाही की त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढून क्लेम टाका, रविवारी बसून सगळे एकदम टाकू म्हणाल तर मुदत निघून जाते.

दुसऱ्या एका अ‍ॅपबद्दल विचारलंत, जे लीडचे पैसे घेत नाही पण काम झालं की बिलाच्या १८ टक्के घेतं. ऐकायला १८ फार वाटतं, पण तुम्ही आत्ता २५ देताय. तिथे काम नाही तर पैसे नाहीत, हा मोठाच फरक. वॉटरप्रूफिंगची मोठी कामं तिथे टाकून बघा, फक्त त्याच गिऱ्हाइकाने पुढच्या वेळी थेट फोन केला तरी कमिशन लागतं का, ते आधी वाचून घ्या.

तीन महिने असंच चालवा आणि लीड्सना कामांनी भागून आकडा मला पाठवा. सातच्या आत आला तर पॅकेजवर परत बोलू, पण लीड परत करायची सोय असलेल्याच. चौदाच्या वर गेला तर त्याच दिवशी अ‍ॅप बंद, तेव्हा मला विचारायचीही गरज नाही. आणि "ऑफर आज रात्रीपर्यंतच" असं जे तुम्हाला सांगितलंय त्याने घाबरू नका, पुढच्या महिन्यात त्यांचा फोन परत येईलच.