मुलगा आळंदीहून परत आलाय आणि कीर्तनाचं पाकीट घेत नाही

प्रश्न : सर नमस्कार. आमचा मुलगा बारावीनंतर हट्टानं आळंदीला गेला, वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षं पूर्ण करून आता घरी आलाय, वय २२. पखवाज छान वाजवतो, कीर्तनही करतो, आसपासच्या गावांतून सप्त्याला बोलावणं येतं. पण कीर्तनाचं पाकीट कोणी पुढं केलं की हात जोडून परत करतो. त्याचे बाबा म्हणतात चार वर्षं वाया गेली, बरोबरची पोरं फार्मसी, इंजिनियरिंग करून कामाला लागली. मला त्याच्या श्रद्धेचं कौतुक वाटतं पण रात्री झोप लागत नाही, उद्या संसार कसा व्हायचा? ह्या शिक्षणाचा पोटापाण्याला काही उपयोग असतो का?
– एक आई, परभणी जिल्हा

उत्तर : ताई, मीही आळंदीचाच विद्यार्थी, आज एका शाळेत संगीत शिकवतो, आणि वीस वर्षांपूर्वी आमच्या घरीही हेच बोलणं रोज चालायचं, त्यामुळे तुमचं पत्र मला माझ्या आईनंच लिहिल्यासारखं वाटलं.

आधी ते वाया जाण्याचं. मी पहिल्यांदा माधुकरीला निघालो तो दिवस अजून डोळ्यासमोर आहे, खांद्याला झोळी, हातात डबा आणि अनोळखी दारात उभं राहिल्यावर तोंडातून शब्दच फुटेना. घरी ताटात शेपू दिसला की रुसून उठणारा मी, तिथं एका घरची भाकरी, दुसऱ्या घरची आमटी, तिसऱ्या घरचा भात असं सगळं एकाच डब्यात एकमेकांत मिसळलेलं मुकाट्यानं खायला लागलो. एक आजी तर वाढायच्या आधी विचारायच्या, आज काय पाठ झालं रे? मग मी उंबऱ्याबाहेर उभा राहून ज्ञानेश्वरीच्या ओव्या म्हणायचो, आणि एखादा चरण चुकला की त्या आतून भात आणता आणताच तो दुरुस्त करायच्या. पुढं नोकरीच्या इंटरव्ह्यूला समोर पाच माणसं बसली होती, मला काही वाटलं नाही, ह्यापेक्षा अवघड दारांत उभा राहून आलो होतो. तुमचा मुलगा परक्या गावात देवळात झोपतो, मिळेल ते खातो, माईक बंद पडला तरी दोन तास लोकांना धरून ठेवतो, हे तो त्या चार वर्षांतच शिकलाय, आणि बाबांना ते दिसत नाही कारण त्याची मार्कशीट येत नाही.

विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली ही संस्था काढली ती ज्याच्या घरात कीर्तनाची परंपरा नाही अशा साध्या शेतकऱ्याच्या पोरालाही ज्ञानेश्वरी, गाथा नीट अर्थासकट समजावी म्हणून. नोकरीसाठी नव्हेच, हेही खरं आहे, आणि ते आपण लपवू नये.

आता पाकिटाचं. तो हट्टी नाहीये ताई, तो गाथा मनापासून शिकलाय. तुकोबांनी स्पष्ट म्हटलंय, ‘जेथें कीर्तन करावें, तेथें अन्न न सेवावें’, आणि त्याच अभंगाच्या शेवटी पैसे घेणारा आणि देणारा दोघंही नरकात जातात म्हणून सांगितलंय. २२ व्या वर्षी पोरगं हे शब्द खरे मानून वागतंय. मला विचाराल तर ह्यातून त्याला ओढून बाहेर काढू नका, कारण दबावाखाली त्यानं पाकीट घेतलं तर कीर्तन करताना त्याचा आवाज लागणार नाही, हे मी जवळून पाहिलंय. पण पोट कीर्तनावर नसेल तर दुसऱ्या कशावर तरी हवंच. सोनोपंत दांडेकरांचं उदाहरण त्याला माहीत असेलच, पुण्याच्या एस. पी. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, तिथंच प्राचार्य झाले, आणि कीर्तन-प्रवचन आयुष्यभर चालू ठेवलं.

तुमच्या मुलाच्या हातात पखवाज आहे, ही फार मोठी गोष्ट आहे. डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडावरच्या चामड्याला, कणीक किती ओली लावायची, कितीनं सूर उतरतो, कार्यक्रम झाल्यावर ती खरवडून कशी काढायची, हे कुठल्या पुस्तकातून येत नाही, बोटांना कळावं लागतं. हे शिकवण्याची फी घ्यायला तुकोबांची आडकाठी नाही असं मी तरी मानतो, क्लासमध्ये मेहनत विकली जाते, नाम नाही. त्याला गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या पखवाजाच्या परीक्षा द्यायला सांगा, विशारद झाला की शाळांत, क्लासेसमध्ये नाव सांगायला कागद होतो. आणि बारावी झालेलीच आहे तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. करता येईल, घरी राहून, सप्ते सांभाळून. सप्त्याची बोलावणी वर्षभर सारखी नसतात, रिकामे महिने अभ्यासाला मिळतात.

त्याच्या बाबांशी मात्र तुम्ही एकट्या भांडू नका. मुलालाच म्हणा, बाबांजवळ बसून वर्षाचा हिशोब वहीत मांड, क्लासला किती पोरं येतील, फी किती, परीक्षा कधी, प्रवासाला किती जाईल. माझ्या वडिलांना माझं निरूपण कधी पटलं नाही, पण मी मांडलेली अशीच हिशोबाची वही त्यांनी उशाशी ठेवली होती, आणि पहिली पाच मुलं क्लासला त्यांनीच गावातून गोळा करून आणली.