लॅन्थनम मँगनाइटमध्ये (लॅन्थनम, मँगनीज अन् ऑक्सिजनचं संयुग) एका थरातले मँगनीजचे स्पिन (इलेक्ट्रॉनचं इवलंसं चुंबकत्व) एकाच दिशेला अन् वरच्या थरातले उलटे, असं का?

प्रश्न लै चांगला विचारलात. मँगनीज-ऑक्सिजन-मँगनीज कोन सगळीकडं 155 अंशांच्या आसपासच आहे, मग फरक कुठून आला हे खटकायलाच पाहिजे. आपल्याकडं मराठवाड्यात एम.एस्सी.चा प्रोजेक्ट म्हणलं की बहुतेक फेराईटच (लोखंडाची चुंबकीय ऑक्साइडं), त्यामुळं ऑक्सिजनमधून सुपरएक्सचेंज (मधल्या ऑक्सिजनमार्फत दोन धातूंच्या स्पिनचा एकमेकांवरचा परिणाम) झालं की स्पिन उलटेच होणार असं डोक्यात बसतं. तिथं ते बरोबरय, कारण फेरिक आयनच्या (लोखंड थ्री प्लस) पाचही डी ऑर्बिटलमध्ये एकेक इलेक्ट्रॉन असतो, निवडायला काही उरतच नाही.

मँगनीज थ्री प्लसकडं मात्र चारच. तीन टी-टू-जी मध्ये (पाच डी ऑर्बिटलपैकी कमी एनर्जीची तीन) अन् चौथा ई-जीच्या (वरच्या एनर्जीची उरलेली) दोनपैकी एका ऑर्बिटलमध्ये, अन् सगळा खेळ या चौथ्याचा आहे. तो ज्या दिशेला पसरतो तिकडचे ऑक्सिजन लांब ढकलतो (यालाच यान-टेलर परिणाम म्हणतात), थरात एक बंध 2.18 अँगस्ट्रॉम तर त्याला काटकोनातला 1.91. आता हा ऑक्सिजन दोघांत सामाईक, शेताच्या बांधासारखा, एकानं सरकवला की शेजाऱ्याचं तेवढं कमी झालंच, म्हणून शेजारच्याचा इलेक्ट्रॉन काटकोनातलं ऑर्बिटल धरतो अन् थरभर आडवं-उभं-आडवं-उभं लागत जातं. हेच ऑर्बिटल ऑर्डरिंग.

त्यामुळं थरात एकाचं भरलेलं ऑर्बिटल बरोबर शेजाऱ्याच्या रिकाम्या ऑर्बिटलसमोर येतं. इलेक्ट्रॉन क्षणभर तिकडं जाऊन येतो, अन् तिथल्या टी-टू-जी इलेक्ट्रॉनशी त्याचा स्पिन समांतर असला तर हुंडच्या नियमानं एनर्जी कमी लागते, म्हणून थरात फेरो (स्पिन एकाच दिशेला). वरच्या दिशेला ई-जीचा हा इलेक्ट्रॉन फारसा पसरलेलाच नसतो, तिथं अर्ध्या भरलेल्या टी-टू-जीचं चालतं, म्हणून अँटिफेरो (स्पिन उलटे). यालाच ए-टाइप म्हणतात. वोलन अन् कोहलर यांनी 1955 ला न्यूट्रॉननं ही रचना दाखवली अन् गुडइनफ यांनी त्याच वर्षी तिचा अर्थ लावला, लिथियम बॅटरीसाठी 2019 चं नोबेल मिळालं तेच हे.

मला यात तापमानाची गोष्ट फार आवडते. ऑर्बिटलची मांडणी सुमारे 750 केल्विनपर्यंत टिकते, स्पिन लागतात ते पार 140 च्या खाली! म्हणजे कुठल्या दिशेला फेरो अन् कुठं अँटिफेरो हे लै आधीच ठरलेलं असतं.

सॅम्पल स्वतः बनवणार असाल तर एक सांगतो, हवेत भाजलं की ऑक्सिजन जास्तीचा बसतो, थोडा मँगनीज फोर प्लस होतो, ऑर्बिटलची मांडणी बिघडते अन् फेरो सिग्नल यायला लागतो, तेव्हा मॅग्नेटायझेशन मोजायच्या आधी एक्सआरडीचं (एक्स-रे विवर्तन) रीटवेल्ड (मोजलेल्या आलेखाशी रचनेचं मॉडेल जुळवणं) करून बंधांच्या लांब्या बघूनच घ्या.