टक्केवारी नको, जुळणाऱ्यांची यादी बघा

नातेवाईक शोधायला डीएनए चाचणी केली असेल, तर पूर्वज कुठल्या प्रदेशातले किती टक्के, तो तक्ता तूर्त बाजूला ठेवा. कंपनी ज्यांच्याशी तुमची तुलना करते ते संदर्भाचे नमुने तिने बदलले की तोही बदलतो. खरं काम जुळणाऱ्या नातेवाइकांच्या यादीत आहे. तिथला सेंटीमॉर्गनचा आकडा बघा, म्हणजे तुमचा दोघांचा डीएनए किती जुळतो त्याचं माप. आई-वडिलांशी तो साधारण ३४००-३५०० येतो, सख्ख्या चुलतभावंडाशी ८५० च्या आसपास. पण तेवढाच आकडा मामे, आते, मावसभावंडाचा, अगदी पणजोबांचाही असू शकतो! म्हणून त्या व्यक्तीचं वय बघा, आणि तुम्हा दोघांशीही जुळणारं तिसरं कोण, तेही. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची चाचणी आधी करून घ्या. माझ्या मावशीच्या बाबतीत मी उशीर केला, ती हळहळ अजून जात नाही. २० सेंटीमॉर्गनच्या खालच्या जुळण्यांमागे इतक्यात लागू नका.